खुसपट, कोटी आणि शिवी: छंदाच्या ऑनलाइन वादात काय करायचं

'वजन 8 किलो म्हणू नका. किलो हे वस्तुमानाचं एकक आहे, वजन झालं 78 न्यूटन.' दुर्बिणीला कुठला स्टँड पेलेल, एवढंच कुणी विचारलेलं असतं. असं उत्तर आलं की गाडी न्यूटनवर घसरते आणि स्टँड राहतो बाजूला. उत्तर चूक नाही, फक्त बिनकामाचं आहे. स्टँड किती भार घेतो हा आकडाही बनवणारे किलोतच छापतात.

म्हणून प्रत्येक दुरुस्तीला खुसपट समजलात, तर एखाद दिवशी मासे माराल. फिशटँकच्या चर्चेत कुणी लिहितो, 'पाणी तपासायच्या किटवर दिसतो तो सगळा अमोनिया नसतो, त्यातला बराचसा अमोनियम असतो.' ऐकायला हासुद्धा कीसच वाटतो. पण नेहमीचं किट दोन्हींची बेरीज दाखवतं आणि माशांना मुख्यतः मारतो तो मुक्त अमोनिया. पाणी 25 अंश सेल्सियसला आणि पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, 7 असेल तर या बेरजेत मुक्त अमोनिया साधारण 0.6 टक्के असतो, पीएच 8 ला तोच 5 टक्क्यांच्या वर जातो. किटवरचा रंग तोच, विष नऊ पटींहून जास्त. एका टाकीत उद्यापर्यंत थांबता येईल, दुसरीत आत्ताच पाणी बदलायला हवं.

दुरुस्ती आणि खुसपट यांत फरक करायची चाचणी यातूनच निघते. समोरच्याचं म्हणणं मान्य करून मूळ प्रश्न पुन्हा सोडवा. आकडा बदलला, खरेदी बदलली किंवा धोका बदलला तर ती दुरुस्ती. काहीच बदललं नाही तर खुसपट. लिहिणाऱ्याचा सूर कसा आहे, हे त्यानंतर बघायचं. खवचट माणूस बरोबर असू शकतो, आणि वैताग आणणारी गोष्ट म्हणजे बऱ्याचदा असतोही.

पॉवरबँकवर ही चाचणी लावून पाहा. 'माझी 10,000 एमएएचची, फोन 5,000 चा, म्हणजे दोनदा चार्ज.' त्यावर कुणी तिरकसपणे म्हणतं, 'एमएएच म्हणजे ऊर्जा नव्हे.' एमएएच म्हणजे मिलिअँपियर-तास, साठवलेला विद्युतभार; त्याला व्होल्टेजने गुणलं की ऊर्जा मिळते. आता गणित करा. पॉवरबँकमधला सेल 3.7 व्होल्टचा, म्हणजे ऊर्जा 37 वॉट-तास. व्होल्टेज वाढवताना आणि केबलमध्ये थोडी जाते. 85 टक्के हाती लागली तर उरतात साधारण 31. फोनची बॅटरी 3.85 व्होल्टची धरली तर तिला लागतात 19 वॉट-तास. उत्तर दोनदा नाही, दीडदा आणि वर थोडं. आकडा बदलला, तेव्हा टोमणा गिळायचा आणि दुरुस्ती घ्यायची.

खुसपटच असेल तर उत्तर दोन वाक्यांत संपवा. पहिलं 'हो'ने सुरू करा, दुसऱ्यात मूळ प्रश्नावर या: 'हो, शास्त्रीय भाषेत ते वस्तुमान. स्टँडचा भारही किलोतच दिलेला असतो, तेव्हा 8 किलो धरून कुठला घ्यावा?' 'पण'ने सुरुवात केली की समोरचा पुन्हा न्यूटन घेऊन येतो. 'हो' म्हटल्यावर त्याच्याकडे वाढवायला काही उरत नाही. 'ज्ञानात भर पडली, धन्यवाद' असली वाक्यं मात्र टाळा. ती कुणालाच धन्यवाद वाटत नाहीत.

दुरुस्ती तुम्हालाच करायची असेल तर क्रम उलटा ठेवा. आधी प्रश्नाचं उत्तर, मग दुरुस्ती, आणि तिने काय बिघडतं ते त्याच वाक्यात. 'लिथियम बॅटरी असं काही नसतं, नीट लिहा' यातून विचारणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'चार्जर निवडण्याआधी सेलवर काय छापलंय ते सांगा. नेहमीचा लिथियम-आयन सेल 4.2 व्होल्टला पूर्ण भरतो, लिथियम-आयर्न-फॉस्फेट 3.65 ला, आणि एकदाच वापरायचा लिथियम सेल चार्ज करायचाच नसतो. चुकीचा चार्जर लावला तर सेल फुगेल किंवा पेटेल.' तीन ओळी जास्त टंकाव्या लागल्या, पण आता हा कीस का काढला ते कुणी विचारणार नाही. दुरुस्तीने काय बदलतं ते तुम्हालाच लिहिता येत नसेल, तर ती पाठवू नका.

शब्दांचे खेळ ओळखायला आपल्याकडे जुनं आणि चोख हत्यार आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्क आणि वादविवादावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, छलाचे, म्हणजे समोरच्याच्या शब्दांचा अर्थ फिरवून केलेल्या विरोधाचे, तीन प्रकार सांगितले आहेत. पहिला वाक्छल. वात्स्यायनाच्या भाष्यातलं त्याचं उदाहरण म्हणजे 'नवकंबल': बोलणारा म्हणतो, या मुलाकडे नवं कांबळं आहे, आणि प्रतिवादी 'नव' म्हणजे नऊ असा अर्थ लावून विचारतो, कुठायत नऊ? एकच तर दिसतंय. फोटोग्राफीत 'ही लेन्स फास्ट आहे' असं लिहिलं की हेच घडतं. म्हणायचं असतं की अपर्चर, म्हणजे लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र, एफ 1.8 ला एफ 3.5 पेक्षा मोठं असतं आणि जवळपास चौपट प्रकाश आत येतो, म्हणून शटर जलद ठेवता येतं. उत्तर येतं, 'फास्ट कसली, फोकसची मोटर तर रांगते!'

दुसरा सामान्यछल, म्हणजे बेताचं विधान ताणून अवाजवी करणं. 'मोठ्या आरशाच्या दुर्बिणीत ग्रहांचे बारकावे जास्त दिसतात' असं म्हटलं की 'मग माझ्या मोठ्या दुर्बिणीत शनी धूसर का?' आरसे जुळवलेले नाहीत, शनी क्षितिजाला टेकलाय, हे बाजूलाच. तिसरा उपचारछल, म्हणजे लाक्षणिक बोलणं शब्दशः घेणं. जुन्या उदाहरणात मंच ओरडतात आणि कुणीतरी सांगतो की ओरडतात ती मंचावरची माणसं. 'कॅमेऱ्याला अंधारात दिसत नाही' म्हटल्यावर 'कॅमेरा बघत नाही, सेन्सर प्रकाश मोजतो' म्हणणारा हाच.

तिघांवर उपाय वेगवेगळा. वाक्छलाला दुसरा, एकार्थी शब्द द्या: 'फास्ट म्हणजे मोठं अपर्चर म्हणतोय, फोकसचा वेग नाही.' हे एकदाच सांगायचं. सामान्यछलात आपलंच मूळ वाक्य जसंच्या तसं उद्धृत करा आणि राहिलेली अट जोडा. ती अट आधी लिहिलीच नव्हती, तर तसं कबूल करा; 'समजून घ्यायला हवं होतं' हे उत्तर नव्हे. उपचारछलाला उत्तरच देऊ नका.

वितंडाही तिथलीच. स्वतःची बाजू न मांडता फक्त समोरच्याची मोडत राहायचं, ती वितंडा. ओळखायला एक प्रश्न पुरतो: 'तुमच्या मते काय घ्यावं आणि का?' दोनदा विचारून बाजू मांडली गेली नाही, तर तिथून उठायचं.

शुद्धलेखनावर फार लिहावं असं काही नाही. 'आधी ऱ्हस्व-दीर्घ शिका' हे तांत्रिक मुद्द्याचं उत्तर होत नाही, आणि बऱ्याच चुका फोनच्या कीबोर्डने परस्पर शब्द बदलल्यामुळे होतात. एकक आणि दशांशचिन्ह मात्र दुरुस्त कराच. मेगाबिट आणि मेगाबाइट यांत आठ पटींचा फरक असतो.

आता कोटी. लिहिलेल्या विनोदाला सूर नसतो, हे फार लवकर लक्षात आलं होतं. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संगणकावरच्या गप्पांत कुणीतरी थट्टेत लिहिलं की भौतिकशास्त्राच्या प्रयोगामुळे एका लिफ्टमध्ये पारा सांडलाय, आणि ती सूचना काहींना खरीच वाटली. त्यावरच्या चर्चेतून 19 सप्टेंबर 1982 रोजी तिथले संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फालमन यांनी सुचवलं की विनोदापुढे कोलन, रेघ आणि कंस काढून आडवा हसरा चेहरा टाकावा. चिन्ह आता सगळ्यांच्या बोटांवर आहे, तरी घोटाळा संपलेला नाही. वीज, बॅटरी, गॅस, रसायनं, गिर्यारोहणाचा दोर असले विषय असतील तिथे उपरोध नकोच. 'हो हो, लावा की लिथियम-आयर्न-फॉस्फेट सेल 4.2 व्होल्टला, मजा येईल' हे वाक्य सहा महिन्यांनी शोधत आलेला नवखा माणूस सल्ला म्हणून वाचतो. शेजारचा हसरा चेहरा त्याला प्रोत्साहन वाटतो.

बाकी ठिकाणी कोटी खुशाल करा, ती वस्तूवर करा. लेन्सवर, चुकलेल्या सोल्डरिंगवर, स्वतःवर. समोरच्याच्या नावावर किंवा आडनावावर केलेली कोटी त्याने शाळेतच शंभरदा ऐकलेली असते.

वैयक्तिक अपमान दर वेळी शिवीच्या रूपात येतो असं नाही. मराठीत तो आदराच्या वेषात जास्त येतो. इतका वेळ 'तुम्ही' चालू असताना एकदम 'आपण', मग 'गुरुजी', मग 'आपल्यासारख्या थोरांपुढे आम्ही काय बोलणार'. शिव्या गाळणाऱ्या फिल्टरला यात काही सापडत नाही, ॲडमिनलाही फक्त स्क्रीनशॉटवरून कळत नाही. तक्रार करताना त्या आधीचे तीन-चार संदेशही जोडा. 'तुम्ही'वरून 'तू'वर येणंही तसंच. जुन्या ओळखीत ते साधं असतं, वादाच्या मध्यात ते ढकलणं असतं.

अपमानाचा संदेश आला की त्यातला तांत्रिक भाग वेगळा काढा. 'अकलेचा कांदा आहेस, रेझिस्टर नसेल तर एलईडी जळणारच' यात दुसरा अर्धा भाग खरा आहे; रेझिस्टर प्रवाहाला आवर घालतो. पहिल्या अर्ध्यामुळे तो खोटा ठरत नाही. उत्तर फक्त त्यालाच द्यायचं: 'बरोबर, 5 व्होल्टला 220 ओहमचा टाकतो.' उलट, 'स्वतःकडे कॅमेरा नाही आणि लेन्सवर बोलतोय' यात तांत्रिक काहीच नाही, त्याला उत्तरही नाही. एक अपवाद धरा: शिफारस करणारा तीच वस्तू विकत असेल, तर ते विचारणं हा अपमान नव्हे. 'हे तुमच्याच दुकानात मिळतं ना?' असं सरळ विचारा.

रागात लिहायचं झालं तर नोट्समध्ये लिहा. उत्तराच्या चौकटीत लिहिलेलं चुकून जातं. मग ज्या ज्या वाक्याचा कर्ता 'तुम्ही' किंवा 'तुमच्यासारखे लोक' आहे, ते वाक्य खोडा किंवा त्याचा कर्ता वस्तूला करा. 'तुम्हाला ओहमचा नियमही येत नाही' याचं होतं 'या सर्किटमध्ये विद्युतप्रवाह 15 मिलिअँपियरच्या आसपास येतो.' असं खोडल्यावर काहीच शिल्लक राहिलं नाही, तर पाठवण्यासारखं मुळात काही नव्हतं. एकाच मुद्द्यावर दोन उत्तरं झाली की तिसरं लिहू नका, त्यात नवा आकडा क्वचितच असतो.

तक्रार करायची असेल तर आधी स्क्रीनशॉट, तोही तारीख-वेळ दिसेल असा. मूळ संदेश तासाभरात बदलला जातो आणि मग तुम्हीच उगाच कांगावा केल्यासारखे दिसता. त्याच कारणाने स्वतःचा चुकलेला संदेशही गुपचूप बदलू नका, खालची सगळी उत्तरं वेडगळ दिसू लागतात. चुकीचा आकडा तसाच ठेवून संदेशाच्या अगदी वर लिहा: 'दुरुस्ती: खाली दोनदा लिहिलंय, खरं उत्तर साधारण दीडदा. 3.7 व्होल्ट विसरलो होतो.' शोधत येणारा बहुतेक वेळा पहिला संदेश वाचून निघून जातो, तळाशी टाकलेली दुरुस्ती त्याच्यापर्यंत पोचत नाही.