गेमिंग लॅपटॉपची वॉरंटी संपत आलीय? मग आधी हे तपासून घ्या

लॅपटॉप घेताना ग्राफिक्स कार्ड कुठलं, स्क्रीन किती हर्ट्झची हे सगळं आपल्याला तोंडपाठ असतं पण वॉरंटी कधी संपते विचारलं की "गेल्या दिवाळीच्या सेलमध्ये घेतला होता ना" एवढंच उत्तर येतं. तर पहिलं काम तारीख शोधायची. लॅपटॉप उलटा करा, खाली स्टिकरवर सिरियल नंबर असतो, डेलवाले त्यालाच सर्व्हिस टॅग म्हणतात, तो कंपनीच्या सपोर्ट साईटवर टाकला की वॉरंटी कधी सुरू झाली नि कधी संपणार ते दिसतं. आता तिथली तारीख तुमच्या बिलाशी जुळेलच असं नाही, कारण कंपनी कधीकधी माल विक्रेत्याकडे पाठवला तो दिवस धरते आणि तुमचा पीस त्यानंतर गोडाऊनमध्ये दोन-तीन महिने पडून असू शकतो. असं दिसलं तर बिल पाठवून तारीख दुरुस्त करून घ्या, आणि वॉरंटी चालू असतानाच घ्या, नंतर वाद घालण्यात मजा नाही. दुकानातलं बिल त्या गुळगुळीत थर्मल कागदावर असेल तर आजच फोटो काढा, तो कागद काही महिन्यांत पुसट होतो. आणि हो, लॅपटॉपला दोन किंवा तीन वर्षांची वॉरंटी असली तरी बॅटरीला बऱ्याच कंपन्या एकच वर्ष देतात, त्यामुळे बॅटरीची तारीख वेगळी बघा.

हे सगळं शेवटच्या आठवड्यात नको, महिना-दीड महिना हातात ठेवून करा. कारण सर्व्हिस सेंटरचा एक ठरलेला डायलॉग असतो, "आमच्याकडे तर नीट चालतोय". आणि खरंच चालत असतो हो, तिकडे एसीमध्ये टेबलावर ठेवून विंडोज सुरू केलं, दहा मिनिटं बघितलं, झालं. तुमचा प्रॉब्लेम येतो तासभर गेम खेळल्यावर. म्हणून आपलं काम एकच, जो बिघाड कधीतरी येतो तो मुद्दाम आणून दाखवायचा आणि मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढून ठेवायचा.

मग द्या ताण. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फ्री सॉफ्टवेअर उघडून ठेवा, त्यात सगळी तापमानं नि फॅनचे आकडे दिसतात, मग प्रोसेसरला राबवायला सिनेबेंच नावाची टेस्ट लावा आणि ग्राफिक्सला राबवायला फरमार्क नावाची टेस्ट किंवा तुमचा सगळ्यात जड गेम, चांगला तासभर, चार्जर लावून, परफॉर्मन्स मोडवर. एसी लावू नका. प्रोसेसर ९०-९५ अंशांवर गेला म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही, गेमिंग लॅपटॉपमध्ये ते रोजचंच आहे आणि इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉप चिप्सची मर्यादाच १०० अंश असते. बघायचं ते वेगळंच. प्रोसेसरचा एखादा कोअर बाकीच्यांपेक्षा सतत १५-२० अंशांनी जास्त तापतोय का, क्लॉक स्पीड म्हणजे चिपचा वेग अचानक एक गिगाहर्ट्झच्या खाली कोसळून गेम स्लाईड शोसारखा होतो का, स्क्रीनवर रंगीत ठिपके किंवा चौकोन येतात का, की लॅपटॉप सरळ बंदच पडतो. पहिल्या लक्षणात थर्मल पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप, वाळलेली किंवा सरकलेली असू शकते, रंगीत ठिपके दिसले तर ग्राफिक्स मेमरीवर संशय घ्यायचा. दोन्ही फॅन फिरतात का तेही त्याच आकड्यांत कळतं, आणि कान देऊन ऐका, खरखर किंवा टकटक येत असेल तर बेअरिंग गेलेलं असू शकतं. तुमची वॉरंटी जानेवारीत संपत असेल तर एवढं लक्षात ठेवा की थंडीतले आकडे फसवे असतात, हाच लॅपटॉप मे महिन्यातल्या नागपुरात काय करेल त्याचा विचार करूनच पास-नापास ठरवा.

तक्रार लिहिताना नुसतं "खूप तापतो" लिहू नका. त्यावर उत्तर येतं की सर, गेमिंग लॅपटॉप आहे, तापणारच. "गेम सुरू केल्यावर अर्ध्या तासात बंद पडतो" किंवा "वीस मिनिटांनी फ्रेम रेट निम्म्यावर येतो" असं लिहा, म्हणजे त्यांना तपासावंच लागतं. पुरावा विंडोजमध्येच असतो, स्टार्टमध्ये रिलायबिलिटी टाईप केलं की एक हिस्टरी उघडते, कुठल्या दिवशी काय क्रॅश झालं ते लाल फुल्यांसकट दिसतं, त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. विंडोजच्याच इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीआ लॉगर (WHEA-Logger) नावाच्या एरर दिसल्या तर त्याही, कारण त्या हार्डवेअरकडे बोट दाखवतात आणि "विंडोज परत टाका" म्हणून तुम्हाला वाटेला लावणं जरा अवघड होतं.

बॅटरी. ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि इंग्रजी अक्षरांत पॉवरसीएफजी, मग स्पेस, मग स्लॅश आणि बॅटरीरिपोर्ट (powercfg /batteryreport) असं टाका, एक फाईल तयार होते ती ब्राउझरमध्ये उघडते. त्यात डिझाईन कपॅसिटी म्हणजे नवीन असताना किती होती आणि फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आता किती उरलीय. समजा ९०,००० मिलिवॉट-अवरची बॅटरी आता ६०,००० वर आली असेल तर एक तृतीयांश गेली, एका वर्षात एवढी गेली तर तक्रार नक्की करा, मात्र किती टक्क्यांखाली बदलून देतात ते प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवणारी सेटिंग चालू असेल तर आधी ती बंद करून एकदा पूर्ण चार्ज, एकदा पूर्ण रिकामी, परत पूर्ण चार्ज करा नि मगच रिपोर्ट काढा. ट्रॅकपॅड वर आल्यासारखा वाटतोय, क्लिक होत नाहीये, सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगतोय, तर बॅटरी फुगलीय. मग कसले रिपोर्ट नि कसलं काय, चार्जिंग बंद, वापर बंद, थेट सर्व्हिस सेंटर. दाबून बसवायला जाऊ नका, आग लागू शकते.

चार्जर लावून गेम खेळताना बॅटरी धडाधड उतरत असेल, किंवा पिन जरा हलवली की चार्जिंग जातंय-येतंय, तर अडॅप्टर किंवा जॅकची तक्रार नोंदवा. मेटल बॉडीला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखा बारीक झटका बसतो ही तक्रार मात्र करायच्या आधी घरातला सॉकेट तपासा, जुन्या बिल्डिंगमध्ये अर्थिंग नसतं आणि दोष लॅपटॉपला जातो.

आता बिजागरी. माझ्या मते सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. झाकण उघडताना कट असा आवाज येतो, कोपऱ्यात स्क्रीनची चौकट जरा उचलल्यासारखी दिसते, आपण म्हणतो चाललंय ना. आत काय होतं तर बिजागरीचे स्क्रू ज्या पितळी नटांत बसतात ते प्लास्टिकमधून हळूहळू उपटतात, आणि एक दिवस अख्खा कोपरा फाटतो. तेव्हा नेला की "फिजिकल डॅमेज" म्हणून वॉरंटी नाकारली जाते. बारीक चीर किंवा फट दिसतेय तेव्हाच फोटो काढून तक्रार टाका, आणि बाकी बॉडी कुठेच पडलेली-आपटलेली नाही हे दिसेल असे चारी बाजूंचे फोटो काढा. पाणी सांडल्याचंही तसंच, बऱ्याच लॅपटॉपमध्ये आत ओल लागली की रंग बदलणारी चिकटपट्टी असते, त्यामुळे पावसाळ्यात बॅगेत भिजला असेल तर ते लपत नाही.

स्क्रीनसाठी पूर्ण पडदाभर काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा रंग लावून अंधारात बघा, आणि झाकण सावकाश पुढे-मागे करताना चित्र लुकलुकलं तर केबल. एखाददुसऱ्या डेड पिक्सेलवर पॅनल सहसा बदलून मिळत नाही. प्रत्येक पोर्टमध्ये काहीतरी लावून बघा, जे कधीच वापरलं नाही ते तर नक्कीच, विशेषतः एचडीएमआयला टीव्ही लावा आणि कीबोर्डचं प्रत्येक बटण दाबा. एसएसडीची तब्येत बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं सॉफ्टवेअर, रॅमसाठी विंडोजची मेमरी टेस्ट रात्री लावून झोपा.

बायोस, म्हणजे लॅपटॉप सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम, त्याचं अपडेट राहिलं असेल तर तेही वॉरंटीतच उरकून घ्या, कंपनीच्याच साईटवरून घेऊन, चार्जर लावून. मध्येच काही अडकलं तर निदान बोर्ड त्यांच्या खर्चाने तपासला जाईल.

लॅपटॉप द्यायच्या आधी बॅकअप घ्या, सगळा, कारण एसएसडी बदलला किंवा फॉरमॅट केला तर डेटाची जबाबदारी ते घेत नाहीत. विंडोज ११ मध्ये ड्राईव्ह बऱ्याचदा आपोआप एन्क्रिप्ट म्हणजे कुलूपबंद झालेला असतो हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, मदरबोर्ड बदलला की सुरू होताना बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या त्या कुलपाची, रिकव्हरी की मागतो, ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर आहे का बघून लिहून ठेवा. स्वतः रॅम वाढवली असेल तर जुनी मूळ रॅम परत बसवून द्या. सर्व्हिस सेंटर देतं त्या जॉबशीटवर प्रॉब्लेम तुमच्या शब्दांत लिहून घ्या, बॉडी आधीपासून कशी आहे तेही, आणि सोबत अडॅप्टर दिला तर त्याची नोंद. तक्रार कुठल्या तारखेला नोंदवली ते महत्त्वाचं, म्हणून फोनवर बोलून सोडू नका, केस नंबर ईमेलवर मागा. वॉरंटीत नोंदवलेली तक्रार पार्ट नाही म्हणून लटकत ठेवली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करता येतो, आणि त्यासाठी हे सगळे कागद लागतात.

वाढीव वॉरंटी घ्यायची का? बहुतेक कंपन्यांची ती मूळ वॉरंटी चालू असतानाच घेता येते. गेमिंग लॅपटॉपमध्ये प्रोसेसर नि ग्राफिक्स दोन्ही सहसा मदरबोर्डलाच सोल्डर केलेले असतात, म्हणजे एक गेलं की अख्खा बोर्ड, आणि त्याचा खर्च ऐकून माणूस नवीन लॅपटॉप बघायला लागतो. त्यामुळे कंपनीची स्वतःची मिळत असेल तर मी घ्या म्हणेन. दुकानदार किंवा शॉपिंग साईट जी विकते ती बऱ्याचदा तिसऱ्याच कंपनीची असते, तिच्या अटी नीट वाचा, बॅटरी त्यात सहसा नसते आणि पडणं-सांडणं याचं कव्हर वेगळंच घ्यावं लागतं.

दुरुस्त होऊन आला की काउंटरवरच सुरू करून बघा, सिरियल नंबर जुळतोय ना, विंडोज ॲक्टिव्हेट आहे ना, सगळे स्क्रू बसवलेत ना, आणि बदललेल्या पार्टला वॉरंटी किती ते कागदावर मागून घ्या. मग घरी येऊन तीच तासाभराची टेस्ट परत लावा, त्याच दिवशी.