ट्रॅक्टरवरचा स्प्लिटर रेंगाळतो? आधी सेकंद मोजा

ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक तेलावर चालणारा, लाकडं फोडायचा माझा स्प्लिटर मी स्वतः वेल्डिंग करून बनवलाय, त्यामुळे त्याला नावं ठेवायचा हक्कही माझाच. जोर भरपूर होता, गाठाळ ओंडकासुद्धा कुरकुरत फुटायचा. पण ओंडका पाचरीवर रेटणारा दट्ट्या पुढे जाऊन मागे येईपर्यंत उभ्या उभ्या डुलकी लागायची. पुतण्या म्हणाला, "काका, प्रेशर वाढवून बघू." मी पाना त्याच्या हातातून काढून घेतला. प्रेशरने जोर वाढतो, वेग नाही. वेग ठरतो तो मिनिटाला किती लिटर तेल येतं आणि ते किती जाड सिलिंडरमध्ये भरायचंय यावर. रिलीफ व्हॉल्व्हचा, म्हणजे प्रेशर हद्दीबाहेर गेलं की तेल टाकीत सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा, स्क्रू आवळून वेग काही मिळत नाही, होज (तेलाची नळी) फुटायची सोय मात्र होते.

म्हणून पहिलं काम, हत्यारं बाजूला ठेवून घड्याळ घ्यायचं. ओंडका न लावता दट्ट्या पूर्ण बाहेर काढा, पूर्ण आत घ्या, दोन्हीचे सेकंद लिहा. माझ्या सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) 100 मिमी, रॉड (दट्ट्याचा दांडा) 50 मिमी, स्ट्रोक (दट्ट्याची धाव) 60 सेमी. बोअरचं क्षेत्रफळ 78.5 चौरस सेमी, म्हणजे पूर्ण बाहेर यायला 4.7 लिटर तेल लागतं. आत जाताना रॉडची जागा वजा होते, म्हणून 3.5 लिटरमध्ये भागतं. मला बाहेर जायला 24 सेकंद लागत होते आणि आत यायला 18. हिशोब केला तर मिनिटाला जेमतेम 12 लिटर तेल येत होतं, आणि ट्रॅक्टरच्या पुस्तकात पंप 20 लिटरचा लिहिलेला.

बाकीचे 8 लिटर कुठे गेले? कुठेच नाही. आवाज नको आणि डिझेल वाचावं म्हणून मी इंजिन 1200 आरपीएमवर ठेवत होतो. पुस्तकातले 20 लिटर होते 2000 आरपीएमचे. इंजिनावर चालणाऱ्या गिअर पंपाचं तेल आरपीएमच्या प्रमाणातच येतं. हँड थ्रॉटल ओढला आणि 42 सेकंदांची फेरी 25 वर आली. ही चूक कबूल करायला मला आठवडा लागला. थ्रॉटल वाढवूनही सेकंद हिशोबाशी जुळत नसतील तर तेलाची पातळी, तुंबलेला फिल्टर आणि ट्रॅक्टरवरचा फ्लो कंट्रोलचा नॉब बघा. तो नॉब अर्धवट बंद असेल तर तेल तुमच्याकडे न येता परस्पर टाकीत जातं.

दुसरी फुकटातली गोष्ट स्ट्रोकची. माझे ओंडके 40 सेमीचे आणि दट्ट्या दर वेळी 60 सेमी मागे येणार, म्हणजे प्रत्येक फेरीला 20 सेमीची रिकामी वारी. बीमवर रंगाने रेघ मारली, दट्ट्या तिथवर आला की लिव्हर न्यूट्रलला, म्हणजे मधे, आणायचा. पुढच्या टोकालाही तेच, सरळ रेषांचं लाकूड पाचर निम्मी घुसली की उघडतं, शेवटपर्यंत रेटायचं कारण नाही. या रेघेने जवळजवळ तिसरा हिस्सा वेळ वाचला.

एवढ्यावर भागत असेल तर थांबा. माझं भागलं नाही, म्हणून पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, वेगळा पंप बसवला. 540 आरपीएमचा पीटीओ, 1:3 चा गिअरबॉक्स आणि फेऱ्याला 25 सीसीचा गिअर पंप, असे मिनिटाला साधारण 40 लिटर. फेरी 12 ते 13 सेकंदांवर आली. 160 बारला एवढं तेल ढकलायला पंपात वाया जाणारी ताकद धरून 17 हॉर्सपॉवरच्या आसपास लागतात, ट्रॅक्टरला ते जड नाही. म्हणूनच छोट्या इंजिनाच्या स्प्लिटरवर असतो तो दोन टप्प्यांचा पंप मी घेतला नाही. हलकं असताना जास्त तेल आणि जोर लागला की कमी, ही युक्ती ज्याच्याकडे ताकद कमी त्याच्यासाठी.

पंप बसवताना टाकीत कंजुषी करू नका. माझी 90 लिटरची आहे. पंपाकडे येणारी सक्शन होज सव्वा इंची, आखूड आणि वळणं न घेता. इथे बारीक होज लावली तर पंप रडायला लागतो, तेल दुधासारखं फेसाळतं आणि पंप आतून खाल्ला जातो. गिअरबॉक्स पीटीओवर गरगर फिरू नये म्हणून त्याला साखळीने ट्रॅक्टरच्या चेसिसला बांधा. पीटीओचं कव्हर काढून काम करायचं नाही, सैल बाह्यांचा शर्टही नको.

नवा पंप लावल्यावर एक गंमत झाली. दट्ट्या परत येताना अर्ध्या वाटेवर लिव्हर आपोआप न्यूट्रलला उडी मारायचा. मला वाटलं व्हॉल्व्ह गेला. मग व्हॉल्व्हच्या आधी टी लावून प्रेशर दाखवणारा गेज बसवला, तर परतीच्या रिकाम्या धावेत काटा शंभर बारच्या पुढे. गोम अशी, की रॉडच्या बाजूने 40 लिटर आत ढकलताना मागच्या जाड बाजूने मिनिटाला 53 लिटर बाहेर पडतं. ते सगळं होज जोडायच्या माझ्या जुन्या बारीक कपलरमधून जात होतं, आणि तो कपलर धड बसलेलाही नव्हता. प्रेशर चढलं की व्हॉल्व्हला वाटतं दट्ट्या टोकाला पोचला, आणि तो लिव्हर सोडतो. परतीची होज एक इंची केली, मधला कपलर काढूनच टाकला, उडी थांबली. हे लक्षात ठेवा, गिअर पंप असेल तर अडथळ्याने वेग लगेच पडत नाही. आधी प्रेशर चढतं, तेल तापतं, आणि रिलीफ उघडल्यावर मग वेग जातो. म्हणून गेज हवाच. कंट्रोल व्हॉल्व्हही किती लिटरचा आहे ते बघून घ्या.

बारीक सिलिंडरचा सल्ला बरेच जण देतात. 80 मिमीचा बोअर घेतला तर 20 लिटरलाही दट्ट्या 9 सेकंदांत बाहेर येतो, पण 160 बारला जोर पावणेतेरा टनांवरून सव्वाआठ टनांवर येतो. मऊ, सरळ लाकूड असेल तर खुशाल घ्या. माझ्याकडे गाठी जास्त, मी नाही म्हटलं.

रिजनरेटिव्ह व्हॉल्व्ह मात्र मनात आहे. तो रॉडच्या बाजूचं तेल टाकीत न पाठवता मागच्या जाड बाजूला वळवतो, त्यामुळे 20 लिटरलाच दट्ट्या सेकंदाला 17 सेमी धावतो, एरवीच्या चौपट. लाकडाला भिडला की प्रेशर वाढून तो आपणहून नेहमीच्या जोरावर येतो. पण या धावेत सिलिंडरच्या जाड बाजूला 80 लिटर तेल जातं, तेवढी वाट तिथे आधी करावी लागेल.

वेग वाढला की हात आवरायला वेळ कमी उरतो. आमच्याकडे नियम एकच, ओंडका जो ठेवेल तोच लिव्हर धरेल. दुसऱ्याने चार हात लांब उभं राहायचं. पुतण्याने लिव्हर धरायचा आणि मी ओंडका लावायचा हा प्रकार एकदा झाला, माझ्या हातमोज्याचं बोट पाचरीखाली गेलं. बोट आत नव्हतं म्हणून हे लिहितोय. आणि होजमधून बारीक तुषार दिसला तर हात फिरवून शोधू नका, तेल कातडीत शिरतं. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा, आणि कपलर सोडण्याआधी इंजिन बंद करून लिव्हर दोन्हीकडे हलवून प्रेशर उतरवा.