आतले इलॅस्टिक बदलता येईल असा केसांचा रबर घरी कसा शिवावा

सकाळच्या शाळेसाठी मुलीच्या वेण्या घालताना कालचा रबर ओढून काढला की त्याच्यासोबत पाच-सहा केस हमखास तुटून येतात. तो रबर उजेडात धरून पाहिला, तर केस बहुतेक एकाच जागी गुंतलेले दिसतात. रबराची दोन टोके जिथे धातूच्या बारीक पट्टीने चिमटलेली असतात, तीच ती जागा. म्हणून सुधारणा रंगापासून नव्हे, तर त्या जोडापासून सुरू करावी.

आधी एक जुना रबर ब्लेडने उभा चिरावा. आत रबराचे बारीक धागे आणि त्यांच्यावर पॉलिस्टर किंवा नायलॉनच्या दोऱ्याचे वेष्टण दिसेल. नैसर्गिक रबर तेल शोषून फुगतो आणि त्याची ताकद कमी होते. उष्णतेने त्याचे जुने होणे आणखी वेगाने घडते. परभणी-नांदेडकडे केसांना खोबरेल तेल चोपडल्याशिवाय वेणी घातली जात नाही आणि मे महिन्यात पारा ४२ अंशांपुढे जातो, तेव्हा आपल्याकडे रबर लवकर चिकट, सैल होतो यात नवल नाही. रबरापेक्षा स्पँडेक्सचे, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या कृत्रिम धाग्याचे इलॅस्टिक तेल आणि घाम अधिक सोसते, पण तेही कायमचे टिकत नाही. म्हणून ते बदलता येण्याची सोय मुळातच ठेवावी.

कापडाचा आराखडा नवा नाही. कापडी वेष्टणाच्या रबराच्या डिझाइनचे पेटंट अमेरिकेत १९८७ साली रॉमी रेव्हसन यांना मिळाले होते. रुंद कापडामुळे दाब पसरतो आणि केस एका रेषेत दाबले जात नाहीत. शिंप्याकडची ब्लाउजची कतरण यासाठी पुरते. दाट केसांना सॅटिन चांगले, मात्र पातळ केसांवरून ते घसरते, तिथे मऊ सुती कापड घ्यावे. पैठणीच्या जुन्या काठाचा मोह अनेकींना होतो, पण काठातली जरीची तार केसांना खरचटते आणि अडकते, त्यामुळे काठ मी या कामी वापरत नाही. हिमरूचा, म्हणजे रेशीम-सुताच्या नक्षीदार विणीच्या कापडाचा तुकडा हाती असेल, तर त्याच्या उलट बाजूचे सुटे धागे आतच राहतील याची काळजी घ्यावी.

४५ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद पट्टी कापून ती सुलट बाजू आत ठेवून लांबीत दुमडावी. काठापासून १ सेंटिमीटरवर शिलाई घालावी, परंतु दोन्ही टोकांना ४-४ सेंटिमीटर जागा न शिवता सोडावी, कारण पुढचे सगळे काम या मोकळ्या जागेवर अवलंबून आहे. सेफ्टी पिन एका टोकाला अडकवून नळी सुलट करावी. मग आखूड टोके सुलट बाजूला सुलट बाजू लावून शिवावीत. आता कापडाचे वर्तुळ तयार होते आणि लांब शिलाईत जोडाजवळ एक फट उरते.

याच फटीतून ६ मिलिमीटर रुंदीचे, २० सेंटिमीटर लांबीचे इलॅस्टिक पिनेने ओवावे. लहान मुलीच्या बारीक वेणीला १६ सेंटिमीटर पुरे. टोकांना गाठ मारू नये. गाठीचा गोळा कापडाखालून बोटाला लागतो आणि झोपताना डोक्याला टोचतो. टोके दीड सेंटिमीटर एकावर एक ठेवून त्यावर झिगझॅग शिलाई दोनदा घालावी. मशीन नसेल, तर दुहेरी दोऱ्याने आडवे-उभे टाके घालावेत. ओवताना इलॅस्टिकला पीळ पडला तर रबर सपाट बसत नाही, त्यामुळे जोडण्यापूर्वी ते बोटांनी चाचपून घ्यावे.

फट मात्र पक्की शिवू नये. कडा आत मुडपून लांब टाक्यांचा धावदोरा घालावा, म्हणजे पुढे तो उसवून जुने इलॅस्टिक काढता येते आणि नवे ओवता येते. जुन्याच्या टोकाला नवे टाचून ओढले, तर पिनेचीही गरज पडत नाही.

तयार रबर दुप्पट ताणून सोडावा. सोडल्यावर तो मूळ लांबीवर आला नाही, तर आतले इलॅस्टिक हलक्या प्रतीचे आहे किंवा त्याला आधीच तेल लागले आहे. धुताना थंड पाणी आणि थोडा साबण वापरावा, पिळण्याऐवजी टॉवेलात दाबावा आणि सावलीत वाळवावा. गच्चीवरच्या दोरीवर उन्हात राहिलेल्या रबराचे इलॅस्टिक नेहमीपेक्षा लवकर बदलावे लागते.