फॉरवर्ड आलेलं जुनं चित्र खरं की खोटं, कसं तपासायचं

परवा फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आलं, "१८१८ सालचा शनिवारवाड्याचा ओरिजिनल फोटो, आतल्या महालांसकट", आणि खाली धडाधड नमस्काराचे हात पडले. आता बघा, आतले महाल जळाले १८२८ च्या आगीत आणि दागेरची फोटो काढायची पद्धत जगापुढे आली १८३९ मध्ये, म्हणजे महाल उभे होते तेव्हा कॅमेरा नव्हता आणि कॅमेरा आला तेव्हा महाल नव्हते. (त्याआधीचा नीप्सचा एक फोटो आहे, १८२६-२७ च्या सुमाराचा, पण तो फ्रान्समधला, खिडकीतून दिसणाऱ्या छपरांचा, तेवढाच.) तर पहिली स्टेप हीच, खाली लिहिलेलं साल आणि चित्र ज्या तंत्राने केलंय ते तंत्र जुळतंय का बघायचं. अर्धा कचरा इथेच गळतो.

दुसरी स्टेप रिव्हर्स सर्च, म्हणजे चित्र टाकून ते नेटवर आणखी कुठे कुठे आहे ते शोधणं. गूगल लेन्समध्ये चित्र टाका, नाहीतर टिनआय या असंच चित्र शोधणाऱ्या साइटवर टाकून सगळ्यात जुना रिझल्ट आधी लावा. पिंटरेस्टवर आणि रील्सवर थांबू नका, तिथे एकाने दुसऱ्याचं उचललेलं असतं, आपल्याला जायचंय त्या वस्तूच्या म्युझियमच्या पानापर्यंत. आणि चित्र शंभर ठिकाणी सापडलं पण कुठल्याच म्युझियमचं, लायब्ररीचं नाव नाही असं झालं तर एआयने बनवलेलं असायचा संशय घ्यायला हरकत नाही.

तिसरी स्टेप म्हणजे ते पान नीट वाचणं, आणि लोक नेमकं हेच करत नाहीत. नोंदणी क्रमांक, काळ, कशाचं बनवलंय, माप, कुठे सापडलं एवढं तरी बघाच. सालाच्या आधी "सर्का" असेल तर ते अंदाजे आहे, आणि चित्रकाराच्या नावाआधी "आफ्टर" असेल तर ते त्याच्या हातचं नाही, त्याच्या चित्रावरून दुसऱ्या कुणीतरी केलंय. नाव चुकलं की काय होतं याचं आपल्या घरचंच उदाहरण घ्या ना, इब्राहिमखान नावाच्या सरदाराचं चित्र बरीच वर्षं शिवाजी महाराज म्हणून छापलं जात होतं, मग १९३३ मध्ये इतिहास संशोधक वा. सी. बेंद्र्यांनी जुन्या डच कागदपत्रांतलं महाराजांचं चित्र पुढे आणलं तेव्हा कुठे ती चूक दुरुस्त झाली. तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं बरं का.

मापाकडे मात्र खास लक्ष द्या. मोहेंजोदडोची नर्तकी पुस्तकात अख्खं पान भरून दिसते, प्रत्यक्षात आहे साधारण साडेदहा सेंटीमीटर, तळहातावर मावेल एवढी! विलेनडॉर्फची व्हीनस, म्हणजे ऑस्ट्रियात सापडलेली अश्मयुगातली बाईची छोटी दगडी मूर्ती, ती पण तशीच, ११ सेंटीमीटरच्या आसपास. आपल्या नगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये सापडलेला ब्राँझचा बैलगाडा, म्हणजे दोन बैल जुंपलेला रथ आणि त्यावर उभा माणूस, तो याच्या मानाने चांगलाच मोठा, ४५ सेंटीमीटर लांब. प्रोजेक्टला हे फोटो शेजारी शेजारी लावणार असाल तर खाली माप टाका, नाहीतर पोरांना सगळं एकाच साइझचं वाटतं.

चौथी स्टेप, फोटो अस्सल वस्तूचा की प्रतिकृतीचा. फ्रान्समधली आदिमानवाने भिंतींवर चित्रं रंगवलेली लास्कोची गुहा १९४० मध्ये सापडली आणि लोकांच्या श्वासाने, घामाने चित्रं खराब व्हायला लागली म्हणून १९६३ मध्ये बंद केली, १९८३ पासून लोक जवळच बांधलेली नकली गुहा बघतात. त्यामुळे कुणी पर्यटक म्हणाला की हा लास्कोत मी स्वतः काढलेला फोटो, तर तो खोटं बोलत नाहीये पण चित्रं मात्र १७ हजार वर्षांपूर्वीची नाहीत, आपल्याच जमान्यातली आहेत. स्पेनच्या आल्तामिरा या चित्रांच्या गुहेचीही अशीच प्रतिकृती आहे.

वापरायचा हक्क पटकन सांगतो. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने २०१७ पासून कॉपीराइट नसलेल्या कलाकृतींचे फोटो मोकळे केलेत, पानावर पब्लिक डोमेनची खूण दिसली की बिनधास्त घ्या. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमचंही बरंचसं फुकट डाउनलोड होतं. ब्रिटिश म्युझियमचे फोटो साधारणपणे नाव देऊन, धंद्यासाठी नसेल तरच. आपल्याकडच्या वस्तूंसाठी म्युझियम्स ऑफ इंडिया पोर्टलवर शोधा, शोधताना स्पेलिंग दोन-तीन तऱ्हेने टाकून बघा.

सेव्ह करताना फाइलच्या नावातच वस्तू, म्युझियम आणि नोंदणी क्रमांक टाका, "इमेज ००७" ठेवलंत तर महिन्याने परत पहिल्यापासून शोधाशोध. काहीच पत्ता लागला नाही तर खाली "साल माहीत नाही" लिहा, त्यात कमीपणा नाही.

आणि हो, फॉरवर्ड करणारे काका असतील तर ग्रुपवर सगळ्यांसमोर खोडू नका, लिंक त्यांना पर्सनलवर पाठवा. मी ग्रुपवर टाकली होती, अजून बोलत नाहीयेत.