उसाची डबल ट्रॉली उतारावरून खाली कशी आणावी

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर-सांगलीच्या रस्त्यांवर नवे ट्रॅक्टर ड्रायव्हर दिसायला लागतात, आणि त्यांना चहाच्या टपरीवर शिकवणारे गुरूही. या गुरूंचा सगळ्यात आवडता सल्ला असा: "उताराला ट्रॅक्टर मोकळा सोडून द्यायचा, म्हणजे समोरचा चढ आपोआप निघतो." ओढ्यावरच्या प्रत्येक पुलाशी याच सल्ल्याची परीक्षा होते. त्यावर खाली सविस्तर लिहिलंय.

हवा, ऑइल, ब्रेकची खळखळ हे बघूनच तुम्ही निघणार, असं मी धरून चालतो.

जोडणी. पिन चांगल्या लोखंडाची, मापाची आणि वर क्लिप लावलेली. बांधकामाच्या सळईचा तुकडा वाकवून पिन म्हणून घालणाऱ्याच्या शेजारून मी गाडीही नेत नाही. पिनेच्या जोडीला साखळी हवीच, ट्रॅक्टर आणि पहिल्या ट्रॉलीमध्येही, दोन ट्रॉल्यांमध्येही. ट्रॉली जोडायची ती ट्रॅक्टरच्या खालच्या हुकाला. उंचावर जोडली तर चढाला ट्रॅक्टर तोंड उचलतो, आणि पुढची चाकं हवेत गेली की स्टेअरिंग नुसतं हातात धरायला उरतं. जास्त वजनाची ट्रॉली पुढे, हलकी मागे.

भरणी. ऊसतोड टोळीला घाई असते, मुकादमालाही असते, पण रस्त्यावर गाडी तुमच्या हातात असते. दोर आवळल्यावर एक फेरी मारा आणि बाजूला लोंबणारा प्रत्येक ऊस कोयत्याने छाटून टाका. अंधारात समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला तुमचे दिवे दिसतात, बाहेर आलेली कांडी दिसत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने यासाठी वेगळी तरतूद आली: माल बाजूने, पुढून, मागून किंवा उंचीने मर्यादेबाहेर गेला तर २०,००० रुपये दंड, वर माल उतरवायचा खर्चही तुमचाच. जादा वजनाचा दंड निराळा. उसावर माणसं बसवू नका, दोन ट्रॉल्यांमधल्या दांड्यावर तर अजिबात नाही. बायका-पोरं चालत येतील, नाहीतर दुसऱ्या गाडीने येतील.

रिफ्लेक्टर उसाच्या रेषेत लावला की पाचटामागे झाकतो. तो खाली चासीवर लावा, मागच्या ट्रॉलीच्या दोन्ही कोपऱ्यांना लाल, आणि शेतातून रस्त्यावर चढल्यावर चिखल पुसून घ्या. गाण्यांच्या डेकचा आवाज इतकाच ठेवा की मागचा हॉर्न ऐकू येईल.

आता उतार.

हिशेब समजून घ्या. ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपासचा. मागे दोन ट्रॉल्यांत पंधरा-वीस टन ऊस सहज असतो, आणि बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. म्हणजे चढाला तुम्ही ट्रॉली ओढता, उताराला ट्रॉली तुम्हाला ढकलते. दांडग्या बैलाला लहान पोराने कासरा धरून थांबवावं, तशातली ही गत. ब्रेक ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना. ती घसरली की काहीच उरत नाही.

म्हणून वेग धरायचा तो इंजिनाने, ब्रेकने नव्हे. जो गिअर टाकून तो चढ भरल्या गाडीने चढला असता, त्याच गिअरमध्ये तो उतरायचा. आणि गिअर टाकायचा उतार सुरू व्हायच्या आधी, माथ्यावर, गरज पडली तर पूर्ण थांबून. बऱ्याच ट्रॅक्टरांचा गिअर चालत्या गाडीत खाली पडत नाही. निम्म्या उतारावर तुम्ही क्लच दाबला, जुना गिअर निघाला, नवा बसला नाही, की तुमची गाडी न्यूट्रलमध्ये आहे आणि मागे वीस टन. तिथून कोणताही वस्ताद ती परत आणत नाही. क्लचवर पाय टेकवून उतरायची सवय असेल तर ती आजच मोडा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्याला मी ड्रायव्हर म्हणत नाही.

दुसरी गोष्ट ब्रेकच्या पेडलांची. शेतात वळायला सोपं जावं म्हणून डावा आणि उजवा ब्रेक सुटा ठेवतात. डांबरीवर यायच्या आधी ती दोन पेडलं जोडणारी पट्टी लावा. सुट्या पेडलांवर घाईत पाय पडला तर एकच चाक धरतं, ट्रॅक्टर आडवा फिरतो आणि ट्रॉली त्याच्यावर येते. मागची दोन्ही चाकं एकत्र बांधणारा डिफरेन्शियल लॉकही रस्त्यावर काढलेला असू द्या.

ट्रॉली ढकलायला लागली तर ती आधी तुमच्या बुडाला कळते. मागून दणके बसतात. स्टेअरिंग सरळ ठेवा. ब्रेक दाबा, सोडा, पुन्हा दाबा. गच्च दाबून ठेवू नका. वळण समोर असेल तर वेग वळणाच्या आधीच उतरवा, कारण वळणात ब्रेक मारला की ट्रॅक्टर आणि ट्रॉलीची घडी होते. रस्त्यावर दव, काकवी सांडलेली किंवा शेताचा चिखल असेल तर हे सगळं निम्म्या वेगात करा.

आणि त्या पुढच्या चढाचं? तो चढ तुम्ही आधीच योग्य गिअरमध्ये आहात म्हणूनच निघतो. निघत नसेल तर भरणी जास्त आहे. एक ट्रॉली सोडा, दोन खेपा करा. मुकादम बडबडेल.

गाडी बंद पडली तर रस्त्याच्या खाली घ्या, मागे लांबवर काहीतरी चमकणारं ठेवा. चाकाला लावलेला दगड निघताना उचलून बाजूला टाका. रात्री त्या दगडावर येणारा माणूस बहुतेक आपल्याच गावचा असतो.

कारखान्याच्या गव्हाणीत ऊस पडला की मोकळ्या ट्रॉल्या घेऊन सुसाट सुटायचा मोह होतो. मोकळी मागची ट्रॉली वेगात सापासारखी वळवळते आणि समोरच्याच्या लेनमध्ये जाते. परतीलाही पट्टी लावलेली, क्लिप बघितलेली आणि रिफ्लेक्टर पुसलेला हवा.