चवथीआधी कोल्ड रूम सुरू करताना कॉम्प्रेसरचं तेल बघा

मानकुराद आंबा संपल्यावर ज्यांनी कोल्ड रूमचा मेन स्विच खाली केला, त्यांनी गणेश चवथीच्या भाजी-फुलांसाठी तो वर करण्याआधी हे वाचावं. दुधाचे बल्क कूलर चालवणाऱ्या संस्थांनाही यातलं बरंचसं लागू आहे, कारण त्यांचं मशीन बंद नसलं तरी पावसाळ्यात वीज सारखी जात-येत असते.

पिस्टनच्या कॉम्प्रेसरमध्ये तेल जळून संपत नाही. थंडावा देणाऱ्या गॅसबरोबर थोडं तेल बाहेर जातं, थंड करणाऱ्या कॉइलमधून फिरतं आणि सक्शन लाइनने, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या पाइपने, परत येतं. त्यामुळे कॉम्प्रेसरवरच्या, तेलाची पातळी दाखवणाऱ्या काचेत तेल कमी दिसलं तर ते एक तर गळालंय, नाही तर पाइपात किंवा कॉइलमध्ये अडकलंय. कुठे ते न शोधता वरून ओतत राहणं, ही आपल्याकडची सगळ्यात महाग पडणारी सवय आहे.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका दूध संस्थेत मी हे डोळ्यांनी पाहिलं. कूलर नीट थंड करत नव्हता आणि काचेत तेल खाली गेलं होतं, म्हणून पंधरवड्यात दोनदा तेल भरलं गेलं. खरं कारण पाइपाच्या जोडावरच्या एका फ्लेअर नटवर दिसत होतं: तिथे तेलकट, काळी धूळ चिकटली होती. गॅस तिथून हळूहळू निघून गेला होता. गॅस कमी झाला की पाइपातला त्याचा वेग पडतो आणि तो तेल ओढून आणू शकत नाही. तेल कॉइलमध्येच साचतं. पुढे कुणीतरी गळती काढून गॅस पूर्ण भरला आणि साचलेलं सगळं तेल एकदम परत आलं. पिस्टनला तेल दाबता येत नाही. व्हॉल्व्हच्या पात्या तुटल्या आणि सकाळचं दूध कॅनमध्ये भरून दुसरीकडे पाठवावं लागलं. पहिल्याच दिवशी कुणी त्या नटवरून बोट फिरवलं असतं, तर हे टळलं असतं याचं मला आजही वाईट वाटतं.

आता बंद ठेवलेल्या मशीनकडे येऊ. गॅस नेहमी थंड जागेकडे सरकतो आणि तेलात विरघळतो. कॉम्प्रेसर बहुतेक वेळा बाहेर, पत्र्याच्या पडवीत असतो. पावसाच्या रात्री तो खोलीतल्या कॉइलपेक्षा गार होतो, आणि गॅस आठवडेच्या आठवडे त्याच्या पोटातल्या तेलात जिरत राहतो. स्विच दाबताच आतला दाब पडतो, तो गॅस उकळतो आणि दूध काढताना बादलीत येतो तसा फेस काचेत चढतो. त्या फेसाबरोबर तेल बाहेर फेकलं जातं आणि बेअरिंग कोरडे पडतात.

यासाठीच क्रँककेस हीटर असतो, म्हणजे कॉम्प्रेसरच्या पोटातलं तेल कोमट ठेवणारा हीटर. मशीन चालू करण्याच्या निदान 24 तास आधी मेन स्विच वर करा, म्हणजे हीटर सुरू होईल. कॉम्प्रेसरचा स्विच मात्र बंदच ठेवा. दुसऱ्या दिवशी क्रँककेसच्या तळाला हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करा. कोमट लागला पाहिजे. गार लागला तर हीटर गेलाय, आधी तो बदलून घ्या. पुढच्या वर्षी मेन स्विच खाली करायचाच असेल, तर मेकॅनिककडून गॅस रिसीव्हरमध्ये (गॅस साठवायच्या टाकीत) ओढून घेऊन व्हॉल्व्ह बंद करून ठेवा.

तेलाची पातळी मशीन स्थिर चालल्यावर बघायची, सुरू केल्याकेल्या नाही. पाव ते पाऊण काच ठीक, अर्धी उत्तम. छोट्या सीलबंद कॉम्प्रेसरला काच नसते. तिथे वाढलेला आवाज आणि तापलेलं अंग यावरूनच ओळखावं लागतं.

मशीन दर पाच मिनिटांनी चालू-बंद होत असेल तर तेलाचं नुकसान ठरलेलंच. प्रत्येक स्टार्टला थोडं तेल बाहेर जातं आणि परत यायला वेळच मिळत नाही. थर्मोस्टॅटमधलं चालू आणि बंद होण्याच्या तापमानातलं अंतर वाढवून घ्या. वीज आली-गेली की लगेच सुरू होऊ नये म्हणून टाइमर बसवा. कॉइलवरचा बर्फही वेळच्या वेळी उतरवा, कारण गोठलेल्या कॉइलमधून तेल नीट परतत नाही.

नवीन खोली बांधत असाल तर सक्शन लाइनवर पैसे वाचवू नका. आडव्या पाइपला कॉम्प्रेसरच्या दिशेने दहा फुटांना अर्धा इंच उतार हवा आणि उभ्या पाइपच्या तळाशी ट्रॅप, म्हणजे तेल जमायला वाकवलेला पाइप, हवा. मोठ्या व्यासाचा पाइप घातला की बरं, असं नाही. उभ्या पाइपात गॅसचा वेग सेकंदाला 7-8 मीटर असेल तरच तेल वर चढतं.

बाहेर पडणाऱ्या गॅसमधलं तेल वेगळं करून परत पाठवणारा ऑइल सेपरेटर असेल तर त्याच्या परतीच्या नळीला हात लावून बघा. ती मध्येच गरम, मध्येच कोमट व्हायला हवी. कायम कडक गरम असेल तर आतला फ्लोट (तेलावर तरंगून झडप उघडणारा गोळा) उघडा अडकलाय, कायम गार असेल तर बंद अडकलाय. ऑइल प्रेशरचा स्विच ट्रिप झाला तर रीसेट पुन्हा पुन्हा दाबू नका, तो मशीन वाचवत असतो. हे सगळं ठीक असूनही तेल जातच असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत का ते बघायला सांगा.

बर्फाच्या फॅक्टरीतला अमोनिया वेगळा. त्यात तेल मिसळत नाही, तळाशी बसतं आणि तिथून काढावं लागतं. ते काम मास्क लावलेल्या जाणत्या माणसाचंच.

तेल भरायचंच झालं तर कॉम्प्रेसरच्या प्लेटवर लिहिलेलंच भरा. आर-22 गॅसला बहुधा मिनरल तेल असतं, आर-134ए आणि आर-404ए ला पीओई नावाचं कृत्रिम तेल. पीओई हवेतला ओलावा शोषून घेतं आणि आपल्या पावसाळ्यात तर फार लवकर. लहान कॅन आणा, भरताना उघडा आणि उरलेलं तेल पुढच्या हंगामासाठी ठेवू नका.