मॉनिटर आणि व्हर्जिनिया यांची लढाई मुलांना कशी समजावून सांगावी

९ मार्च १८६२ रोजी अमेरिकेतील हॅम्प्टन रोड्स येथे, म्हणजे जेम्स नदी चेसापीक उपसागराला मिळते तेथील विस्तीर्ण पाण्यात, दोन चिलखती युद्धनौका सुमारे चार तास एकमेकींवर तोफा डागत होत्या आणि तरीही दोघींपैकी एकही बुडाली नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलांना ही लढाई सांगताना सुरुवात मात्र आदल्या दिवसापासून करावी, कारण लाकडी जहाजांची काय गत झाली हे कळल्याखेरीज लोखंडाचे महत्त्व त्यांच्या ध्यानात येणार नाही.

प्रथम या अमेरिकन यादवी युद्धाचे कारण थोडक्यात, पण खरेखुरे सांगावे. माणसांना गुलाम म्हणून राबवण्याची प्रथा टिकवू पाहणारी दक्षिणेकडील राज्ये फुटून निघाली होती आणि उत्तरेच्या आरमाराने त्यांची बंदरे रोखून धरली होती. ही नाकेबंदी मोडण्यासाठी दक्षिणेने मेरिमॅक या अर्धवट जळालेल्या जहाजाच्या सांगाड्यावर लोखंडी पत्रे चढवून व्हर्जिनिया उभी केली. ८ मार्चला तिने पुढच्या लोखंडी टोकाने कंबरलँड या जहाजाला धडक देऊन ते बुडवले आणि काँग्रेस हे जहाज पेटवून दिले. त्या दिवशी उत्तरेचे दोनशेहून अधिक लोक मेले. मुले लहान आहेत म्हणून हे लपवू नये. मिनेसोटा हे तिसरे जहाज उथळ पाण्यात रुतले होते, पण ओहोटी लागल्यामुळे आणि अंधार पडू लागल्यामुळे व्हर्जिनिया परत फिरली.

यानंतर एक छोटा प्रयोग करावा. जाड पुठ्ठा आधी उभा आणि मग तिरपा धरून त्यावर रबरी चेंडू फेकायला सांगावे. तिरप्या पुठ्ठ्यावरून चेंडू वर निसटतो. व्हर्जिनियाच्या भिंती अशाच उतरत्या होत्या आणि सुमारे दोन फूट जाडीच्या लाकडावर चार इंच लोखंड होते.

दुसऱ्या दिवशी व्हर्जिनियाशी भिडलेली उत्तरेची मॉनिटर समजावताना घाई करू नये, कारण या लढाईतील सर्वांत नवी गोष्ट तिच्यावर होती. जॉन एरिक्सन या स्वीडनमध्ये जन्मलेल्या अभियंत्याने तिचा डेक जवळजवळ पाण्याच्या पातळीवर ठेवला होता, आणि त्यावर आठ इंच जाड लोखंडाचा, वाफेच्या यंत्राने फिरणारा गोल बुरूज बसवून त्यात दोन तोफा ठेवल्या होत्या. मुलाला फिरत्या खुर्चीवर बसवावे, डोळे मिटायला लावून खुर्ची फिरवावी आणि दार कोठे आहे ते विचारावे. बुरुजातील खलाशांची अडचण नेमकी हीच होती: दिशा कळावी म्हणून खाली डेकवर काढलेल्या पांढऱ्या खुणा लवकरच पुसल्या गेल्या, आणि बुरूज हवा तेथे थांबवणे जमेना, म्हणून तो फिरत असतानाच ते तोफ डागू लागले.

मोठ्या मुलांना गोळे का भेदून गेले नाहीत तेही सांगावे. मॉनिटरच्या तोफांत एका वेळी फक्त १५ पौंड दारू भरण्याचा हुकूम होता, तर व्हर्जिनियाने लाकडी जहाजांशी गाठ पडेल अशा हिशेबाने मुख्यतः फुटणारे पोकळ गोळेच बरोबर घेतले होते.

शेवटी “कोण जिंकले?” हा प्रश्न मुलांवर सोपवावा आणि उत्तरासाठी एवढी माहिती द्यावी. मॉनिटरचा कप्तान जॉन वॉर्डन सुकाणूच्या कोठडीच्या फटीतून पाहत असताना तेथे गोळा फुटला आणि त्याच्या डोळ्यांना इजा झाली. मॉनिटर काही काळ उथळ पाण्याकडे सरकली, तेव्हा तिने माघार घेतली असे व्हर्जिनियाला वाटले. ओहोटीमुळे व्हर्जिनिया निघाली, तेव्हा मॉनिटरवरील लोकांनाही तसेच वाटले. मिनेसोटा वाचली, पण नॉरफोक या दक्षिणेच्या ताब्यातील बंदराची वाट व्हर्जिनियाच्याच ताब्यात राहिली. माझ्या मते बरोबरी हे उत्तर योग्य आहे, परंतु मुलाने कारण देऊन वेगळे मत मांडले तर ते खोडून काढू नये.

पुढे काय झाले हे मुले हमखास विचारतात. व्हर्जिनिया शत्रूच्या हाती पडू नये म्हणून ११ मे रोजी तिच्याच लोकांनी तिला उडवून दिले, आणि मॉनिटर त्याच वर्षी ३१ डिसेंबरला केप हॅटरासजवळ वादळात १६ जणांसह बुडाली. तिचा बुरूज २००२ मध्ये समुद्रातून वर काढण्यात आला आणि तो न्यूपोर्ट न्यूज येथील संग्रहालयात आहे. त्याची छायाचित्रे दाखवून गोळ्यांनी पडलेले खळगे मुलांना शोधायला लावावेत.